आईच्या हातून लेक परत कशी मागू?

दांडियाबाजारचा बाबा

नमस्कार. बडोद्याहून लिहितोय. घरात पाच जण: आई, बाबा, आम्ही दोघं आणि साडेसात महिन्यांची लेक. बायकोची २६ आठवड्यांची रजा संपून ती अलकापुरीतल्या ऑफिसात जायला लागली, त्याला दीड महिना झाला. माझं जीएसटीचं आणि हिशेबाचं काम घरूनच चालतं, म्हणून दिवसा लेकीचं सगळं मी बघायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं.

लंगोट, आंघोळ, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, हे मला जमतं. घोडियुंची, म्हणजे तिच्या झोळीच्या पाळण्याची, दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवली की दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. अडतं ते दुसरीकडे. लेक जरा रडली की आई स्वयंपाकघरातून येते, "दे इकडे, तिला तुझा हात कळत नाही" म्हणते आणि उचलून घेते. लेक गप्प होते. पुढच्या वेळी माझ्याकडे आणखी लवकर रडते. त्यात २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायचं असतं, तेव्हा मीच आईला हाक मारतो. मग २१ तारखेला कोणत्या तोंडाने म्हणू, की आता दे?

गेल्या आठवड्यात वजन करायला गेलो. लेक माझ्या खांद्यावर, तिच्या वजनाच्या आणि लसींच्या नोंदीचं ममता कार्ड माझ्या हातात. तिथल्या बाईंनी विचारलं, "मम्मी नथी आव्या?" आणि पुढचं सगळं, काय खाते, किती झोपते, माझ्या आईला विचारलं. रोज भरवतो मी. घरी येईपर्यंत मला बोलवेना.

बाबा काही म्हणत नाहीत. पण शेजारचे काका आले की "तू आत जाऊन काम कर" म्हणतात. लेक माझ्या कडेवर दिसू नये म्हणून, हे मला कळतं.

आईनं आम्हा भावंडांना एकटीनं वाढवलं. तिचं मन दुखवायचं नाही. तिला कसं सांगू?

मांजलपूरकर

आमच्या घरी हेच होतं. मी आईला समजावत बसलो नाही, वेळ वाटून घेतली. सकाळी ९ ते १२ मुलगा माझा. त्या वेळात आई भाजी, देऊळ, मैत्रिणी, जे हवं ते करायची. पहिल्या दिवशी तो वीस मिनिटं रडला आणि ती दाराशी उभी राहिली. मी हात जोडले, म्हटलं, आज याला माझ्याकडेच शांत होऊ दे. ज्याच्या कुशीत रडणं थांबतं ती कुस मूल ओळखायला लागतं. तुमच्याकडे रडणं सुरू होतं आणि थांबतं आजीकडे, खरी अडचण ती आहे. आठ-दहा दिवस लागले आम्हाला.

आणि १९-२० तारीख आईला आधीच देऊन टाका. ते आजीचे दिवस. ऐनवेळी हाक मारली की तिला वाटतं, तुम्हाला झेपत नाही.

लष्करची सून, ग्वाल्हेर

तुमची पत्नी हे वाचत असेल तर तिच्यासाठी आधी: मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दूध पाजायला दोन सुट्ट्या कायद्यानं मिळतात. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. तिनं ऑफिसात जरूर विचारावं.

बापासाठी खासगी नोकरीत असा कायदाच नाही. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून त्यांना १५ दिवस मिळाले. त्यातले सहा दवाखान्यातच गेले. सोळाव्या दिवशी बाळ माझं आणि सासूबाईंचं झालं, आणि ते पुन्हा त्यांचं व्हायला दोन वर्षं लागली. तुमच्या हातात आता जे आहे ते सोडू नका.

सांगायचं मात्र तुम्हीच, पत्नीवर टाकू नका. सासूबाई गुटी मधात उगाळायच्या. वर्षाच्या आत मध देऊ नये, हे मी चारदा बोलले आणि चारदा घरात अबोला झाला. यजमानांनी एकदाच सांगितलं, बरणी कपाटात गेली. मुलाचं बोलणं आईला वेगळं लागतं.

सुरसागरकाठचे आजोबा

तुझ्या बाबांच्या वयाचा आहे, म्हणून तू म्हणतो. माझी मुलगी १९८४ची. आमच्या घरात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलायचं नाही, अशी रीत होती. पुतण्याला घेतलं तर चालायचं, पोटच्या मुलीला नाही. ती माडीवर रडायची आणि मी खाली बसून राहायचो. ती पाच वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा आम्ही दोघंच कमाटीबागेत गेलो. तिथे तिला लघवीला लागली, तर तिची चड्डी कशी सोडायची मला कळेना. एका अनोळखी बाईनं केलं. ती लाज अजून गेलेली नाही.

तुझ्या बाबांवर रागावू नकोस. जे करायची त्यांना मनाई होती ते मुलगा दिवसाढवळ्या करतोय, हे बघणं जड जातं. त्यांच्याकडे काही सोपव. संध्याकाळी उन्हं उतरली की नातीला सुरसागरपर्यंत नेऊन आणा म्हण. का, ते सांगू नकोस.

दांडियाबाजारचा बाबा

पंधरा दिवसांनी लिहितोय. आईशी बोललो, बायको घरात नसताना. म्हटलं, आई, ती रडली की पाच मिनिटं तिला माझ्याकडे राहू दे, मला तिचं रडणं ओळखायचंय. आई बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "तुझं काम खोळंबतं म्हणून घेत होते रे. मला कोण होतं तेव्हा घ्यायला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून शेंगा सोलल्या.

आता दुपारी दोनपर्यंत लेक माझी. भूक आणि झोप यांचं रडणं वेगवेगळं असतं, हे मला आता ऐकू येतं. बाबांना दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नको म्हणाले. परवा स्वतःच चप्पल घालून दारात उभे राहिले, "दे तिला." पाऊण तासानं परतले. शेजारचे काका सोबत होते आणि लेक बाबांच्या कडेवर होती.

काल २० होती, ठरल्याप्रमाणे दिवस आजीचा. आज सकाळी सातला आईनं तिला आपणहून माझ्या मांडीवर आणून ठेवलं. नऊ महिने भरले की गोवर-रुबेलाची लस आहे. कार्ड घेऊन आम्ही दोघंच जाणार, असं घरी सांगून ठेवलंय.