एनटी-प्रोबीएनपी परत वाढलं, वडिलांची गोळी वाढवायची का?

गोदाकाठ: वडील ७२ वर्षांचे, हार्ट फेल्युअर, पंपिंग ३० टक्के. दिवाळीनंतर पाय सुजले, दोन उशा घेतल्याशिवाय झोपता येईना म्हणून अ‍ॅडमिट केलं. तेव्हा एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढतं ते) ४२०० होतं, डिस्चार्जला १९००. काल कॉलेज रोडला परत टेस्ट केली तर २३०० आलं आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वडील मात्र म्हणतात मला काही होत नाहीये, सकाळी गोदापार्कला चक्कर मारून येतात. डॉक्टर गुरुवारी भेटणार. तोवर लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारी गोळी) वाढवू का? आणि आकडा वाढला म्हणजे आयुष्य कमी झालं का हो?

लॅबवाली_नाशिकरोड: दादा, गोळी मनाने अजिबात वाढवू नका, किडनीवर ताण येतो, पोटॅशियम बिघडतं. १९०० चे २३०० म्हणजे वीस-एकवीस टक्के, एवढं तर तब्येत स्थिर असतानाही वरखाली होतं, साधारण तीस टक्क्यांच्या पुढे गेलं की मग बघायचं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलं किंवा ठोके अनियमित असले तरी हा आकडा चढतो, लठ्ठ माणसात उलट कमी दिसतो. क्रिएटिनिन केलंय का? आणि दरवेळी एकाच लॅबला करा.

निफाडकर: ताईंचं बरोबर. अजून एक, वडिलांना हार्ट फेल्युअरची सॅक्युबिट्रिल-वालसार्टन गोळी चालू असेल तर नुसतं बीएनपी (याच प्रकारची दुसरी टेस्ट) करू नका. त्या गोळीने बीएनपी तोडणारं एन्झाइमच अडतं म्हणून ते वाढलेलं दिसतं, एनटी-प्रोबीएनपीचं तसं होत नाही. माझ्या आईच्या वेळी हे डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं होतं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. आयुष्याचं म्हणाल तर अ‍ॅडमिट असताना ४२०० वरून निम्म्याखाली आलं ही खरंच चांगली खूण आहे, तीस टक्के उतरलं तरी चांगलं धरतात. आणि नुसत्या आकड्याच्या मागे लागून औषध वाढवत नेण्याचा फायदा २०१७ च्या गाइड-आयटी अभ्यासात दिसला नाही. हार्ट फेल्युअरची मुख्य चार औषधं सोसतील तेवढ्या डोसला गेलीत का, हे गुरुवारी नक्की विचारा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि लिहून ठेवा, तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा दम लागला तर गुरुवारची वाट बघू नका, लगेच फोन करा.

गोदाकाठ: खूप आभार दोघांचे. क्रिएटिनिन केलंच नव्हतं, उद्या सकाळी त्याच लॅबला देतो. सॅक्युबिट्रिल चालू आहे, पण टेस्ट एनटी-प्रोच होती, रिपोर्ट परत बघितला. वजनकाटा संध्याकाळी आणतोय.