म्युनिक ते रोम, वाटेत एकच रात्र : कुठे उतरावं?

शेवंती :
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय, कारण तिकिटांचे भाव रोज चढताहेत.

आम्ही म्युनिकला असतो. सासूसासरे सांगलीहून पहिल्यांदाच आलेत. २४ डिसेंबरला संध्याकाळपर्यंत रोमला पोचायचं आहे, तिथे पाच रात्रींचं घर ठरलंय. रेल्वेने एका दिवसात जाता येतं, वाटेत गाडी बदलून नऊ-साडेनऊ तास. पण बाबांचा उजवा गुडघा त्यांना इतका वेळ बसू देणार नाही. म्हणून २३ ला सकाळी निघायचं आणि इटलीत कुठेतरी एक मुक्काम करायचा असं ठरवलंय.

आम्ही सहा जण. आम्ही दोघं, मुलं ५ आणि ९ वर्षांची, आणि आई-बाबा. बाबा शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. आई अंडं खातात, पण बाबांसमोर नाही (हे इथेच राहू द्या). नाताळची रोषणाई दिसावी, चालणं कमी असावं आणि मुलांनी रडायच्या आत जेवण मिळावं, एवढंच मागणं आहे. माझ्या डोक्यात व्हेनिस आहे, कारण आईंच्या माहेरी गोंडोल्याचं कॅलेंडर वर्ष उलटलं तरी भिंतीवरून उतरलं नव्हतं म्हणे. नवरा बोलोन्या म्हणतोय. काय करू?

भटकी_वही :
व्हेनिस! विचार कसला करताय? डिसेंबरात गर्दी ओसरलेली असते, दिवसभराच्या प्रवाशांकडून घेतात ते प्रवेशशुल्कही हिवाळ्यात नसतं. धुक्यातलं व्हेनिस उन्हाळ्यातल्यापेक्षा शंभर पटीने सुंदर. आईंची इच्छा आहे तर मोडू नका.

खडूस_कारकून :
वहीताई, तुम्ही पाठीवर पिशवी टाकून गेला असणार. इथे सहा माणसं, किमान चार बॅगा आणि एक दुखरा गुडघा आहे. व्हेनिसला चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. बोटीने जायचं तर एका माणसाचं ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो. धाकट्याला सहाच्या आत म्हणून फुकट, बाकी पाच जणांचे जाऊन-येऊन ९५ युरो, तेही फक्त स्टेशन ते हॉटेल. शिवाय म्युनिकहून पोचायला साडेसहा-सात तास, म्हणजे पोचेपर्यंत तिन्हीसांजा. त्या दिवसांत तिथे साडेचारला सूर्य मावळतो. आई कॅलेंडरातलं व्हेनिस बघणार कधी?

भटकी_वही :
मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसलगतच्या जमिनीवरच्या गावात राहायचं. तिथून आगगाडीने दहा मिनिटं.

खडूस_कारकून :
म्हणजे व्हेनिसला न राहता व्हेनिसला राहायचं. बरं.

डोंगरवाट :
मी कामानिमित्त सात वर्षं उत्तर इटलीतल्या त्रेंतोला आहे, त्यामुळे थोडा पक्षपात धरून वाचा.

तुमची गाडी ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर खिंडीतूनच येणार. खिंड उतरल्यावर पहिलं मोठं गाव बोल्झानो (जर्मनमध्ये बोत्सेन, पाट्या दोन्ही भाषांत). म्युनिकहून थेट गाडीने साधारण चार तास. बाबांच्या गुडघ्याला हे झेपेल, वाटेत डब्यात येरझाऱ्या घालायच्या. स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत वॉल्थर चौक, सपाट रस्ता, आणि नाताळचा बाजार त्याच चौकात. लाकडी टपऱ्या, भाजलेले चेस्टनट, मुलांना गरम सफरचंदाचा रस. कपाची अनामत घेतात, कप परत केला की पैसे परत. चौकालगत हॉटेल घेतलंत तर बॅगा टाकून दहा मिनिटांत तुम्ही बाजारात. आणि आई दमल्या तर त्यांना बाकीच्यांना न थांबवता खोलीवर जाता येतं. वडीलधाऱ्यांबरोबर हे फार महत्त्वाचं, हे मी माझ्या आईला फिरवताना शिकलो.

दुसरी गोष्ट, ओत्झी. १९९१ मध्ये बर्फात सापडलेला पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस. तो सापडला ती जागा सीमेपासून जेमतेम नव्वद मीटर इटलीच्या बाजूला निघाली, म्हणून तो बोल्झानोत आहे, नाहीतर ऑस्ट्रियात असता. उणे सहा अंशांच्या थंड खोलीत ठेवलाय, छोट्या खिडकीतून बघायचा. नऊ वर्षांच्या मुलाला हे आयुष्यभर आठवेल. पाच वर्षांचा घाबरट असेल तर एकाने त्याच्याबरोबर बाहेर थांबा. बाजाराच्या दिवसांत बाहेर रांग लागते, तिकीट आधीच ऑनलाइन काढा. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद असतं, तुम्हाला त्याचा त्रास नाही.

तिसरं, बोल्झानोहून वर रेनोनच्या पठारावर जाणारा रोपवे. बारा मिनिटांत खालच्या द्राक्षमळ्यांवरून तुम्ही बाराशे मीटरवर. वर बहुधा बर्फ मिळेल. हॉटेलवाल्यांना प्रवासाचा पाहुणे-पास मागा, बऱ्याच ठिकाणी तो खोलीबरोबरच देतात आणि त्यात बस, लोकल आणि हा रोपवेही येतो.

एक सावधगिरी : बाजार २४ ला दुपारीच आवरतो आणि २५ ला बंद. म्हणजे २३ ची संध्याकाळच तुमची. म्युनिकहून उशिरा निघू नका.

त्रेंतोही छान आहे हो, तिथलं विज्ञान संग्रहालय मुलांना वेड लावतं. पण एकच रात्र असेल तर माझ्याच गावाला डावलून बोल्झानो म्हणतो.

मिलानी_मिसळ :
बोल्झानो म्हणजे इटलीत जर्मनीच. म्युनिकहून येऊन पुन्हा तोच बाजार, तेच श्ट्रुडेल? शेवंतीताई, तुमच्या घराखाली हे सगळं असेल. व्हेरोनाला उतरा. साडेपाच तास लागतात, पण पहिल्या शतकातलं रोमन रंगमंडल चौकात उभं आहे, उंच मनोऱ्यावर लिफ्ट आहे, पुढच्या दिवशी रोम तीनेक तासांवर. आणि पांडोरो हा नाताळचा केक व्हेरोनाचाच, १८९४ मध्ये तिथल्या मेलेगात्तीने त्याचं पेटंट घेतलं. ज्युलिएटची बाल्कनी मात्र बघू नका, ती विसाव्या शतकात चिकटवलेली आहे आणि खाली नुसती चेंगराचेंगरी. तिथला नाताळ बाजारही न्यूरेंबर्गच्या सहकार्याने भरतो, हे माझ्याच मुद्द्याच्या विरोधात जातंय, पण असो.

गवतीचहा :
जेवणाचं मी सांगते, कारण बाकी कुणी सांगणार नाही.

इटलीत शाकाहारी मिळतं हे अर्धसत्य आहे. बोलोन्याला नाताळात घरोघरी तोर्तेल्लिनी असते. नखाएवढे सुबक मोदक दिसतात, पण आत डुकराचं मांस आणि खाली कोंबड्याचं पाणी. व्हेरोनाला 'पास्तिसादा' लिहिलेलं दिसलं तर ते घोड्याचं मांस. बोल्झानोला कनेदेर्ली म्हणजे पावाचे गोळे, त्यात बहुधा स्पेक म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस. पालकाचे किंवा चीजचे मिळतात, पण अंडं असतंच. श्लुत्झक्राप्फेन दिसतात थेट आपल्या करंज्या, आत पालक आणि रिकोटा चीज. आईंना द्या, बाबांना नको, कारण पारीत अंडं. ताज्या पास्त्यात सहसा अंडं असतं, पाकिटातल्या सुक्या पास्त्यात सहसा नसतं. रिझोतो म्हणजे मऊ भात, त्याला पाणी कसलं वापरलंय ते विचारा.

मग बाबांनी खायचं काय? मशरूम घातलेली पोलेंता म्हणजे मक्याच्या कण्यांचा मऊ सांजाच, दात नसले तरी चालेल. पिझ्झा. टोमॅटोचा साधा स्पॅगेटी. वाढप्याला 'सेंझा कार्ने, सेंझा ऊओवा' (मांसाशिवाय, अंड्याशिवाय) एवढं म्हणा. पार्मेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. हे बाबांना सांगायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न.

वेळ पण बघा. खाली इटलीत संध्याकाळी सात-साडेसातशिवाय स्वयंपाकघर उघडत नाही. पाच वर्षांचं पोर तोवर टिकत नाही. बोल्झानोत बाजारातल्या टपऱ्यांवर संध्याकाळभर काही ना काही गरम असतं. मी याच एका कारणासाठी बोल्झानो निवडेन. आणि थेपले बांधून न्या. लाज कसली त्यात?

नवशिक्या_७ :
धाग्यातच घुसतो. आम्ही हाच प्रवास मोटारीने करणार आहोत. काही सूचना?

खडूस_कारकून :
हिवाळी टायर. इटलीत १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल फलक लावलेल्या रस्त्यांवर ते किंवा चाकांच्या साखळ्या जवळ असणं सक्तीचं आहे. ऑस्ट्रियाचा विन्येट (महामार्ग वापरायचा पास) घ्या, ब्रेनरचा टोल त्याहून वेगळा. इटलीत जुन्या गावाच्या आत गाडी घालू नका, प्रवेशबंदीच्या भागात कॅमेरे असतात आणि दंडाचं पाकीट सुट्टी विसरल्यावर घरी येतं. माझ्याकडे दोन आली आहेत. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा.

पोर्तिकोप्रेमी :
बोलोन्याची बाजू कुणीच मांडत नाहीये म्हणून. तिथल्या छत असलेल्या ओवऱ्यांना २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. स्टेशनपासून मुख्य चौकापर्यंत बहुतेक वाट ओवरीखालून जाते, पाऊस पडला तरी डोकं कोरडं. सांता लुचियाची जुनी जत्राही अशाच एका ओवरीखाली भरते. पण वेगवान गाड्यांचे फलाट जमिनीखाली खोल आहेत, सरकते जिने बरेच. आणि चौक पंधरा-वीस मिनिटं चालत. गुडघ्याचं वाचून मीच थांबतो.

डोंगरवाट :
आणखी दोन गोष्टी राहिल्या. एका रात्रीसाठी भाड्याचं घर घेऊ नका. साफसफाईचे पैसे खोलीइतके होतात, किल्ली पेटीत, पेटी गल्लीत, गल्ली अंधारात. शेजारशेजारच्या दोन खोल्या हॉटेलात घ्या. फोन करून 'लिफ्ट आहे का' विचारा, आणि लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत का तेही विचारा. हे दुसरं कुणी विचारत नाही आणि जुन्या इमारतींत हमखास असतात. शहराचा मुक्काम-कर वेगळा द्यावा लागतो.

सगळ्यांचे मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. हॉटेलला प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. आई-बाबांचे पासपोर्ट खालच्या बॅगेत कोंबू नका, सीमेवर डब्यात तपासणी होऊ शकते.

शेवंती :
किती लिहिलंत सगळ्यांनी! काल जेवताना सगळं वाचून दाखवलं. व्हेनिसला पाणी चढतं का, असं आईंनी विचारलं. नवऱ्याने सांगितलं, हो, नोव्हेंबर २०१९ मध्ये १८७ सेंटिमीटर चढलं होतं, आता समुद्रात दरवाजे बसवलेत. आई म्हणाल्या, "२०१९? त्याच साली ऑगस्टात आपल्या ओट्यावर कृष्णा आली होती. पाण्यातलं गाव बघायला मी पैसे कशाला देऊ?" कॅलेंडरचा विषय संपला.

बोल्झानो पक्कं. सकाळच्या थेट गाडीची तिकिटं काढली, जागांचं आरक्षण वेगळं करावं लागलं. २४ ला सकाळी ओत्झी आणि दुपारच्या आधीची थेट गाडी, साडेचार-पावणेपाच तासांत रोम.

मिलानी_मिसळ :
रोमला २४ च्या संध्याकाळी मेट्रो लवकर आटोपते. सहा जणांना साधी टॅक्सी घेणार नाही, मोठी सांगून ठेवा.

शेवंती :
परत आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना हिशेब द्यायला हवा.

गाडी पाऊण तास उशिरा, तरी दोनच्या आत पोचलो. हॉटेलला लिफ्ट होती, आणि लिफ्टपर्यंत सात पायऱ्याही होत्या. डोंगरवाट, मी विचारलं होतं हो, फोनवर "नाही" म्हणाले. बाबा कठडा धरून चढले आणि वर जाऊन म्हणाले, पंढरपूरला नामदेव पायरीपाशी याहून हाल असतात.

बाजारात आम्ही तीन वेळा गेलो, कारण खोली जवळ होती. सहा वाजता मुलांची पोटं भरलेली होती, यासाठी गवतीचहांना साष्टांग नमस्कार. बाबांनी पोलेंता दोनदा मागवली. चीजबद्दल काही सांगितलेलं नाही. रोपवेला वेळ उरला नाही, त्याची हळहळ आहे.

ओत्झीपाशी मात्र गंमत झाली. धाकटा अजिबात घाबरला नाही, थोरला खिडकीपासून दोन हात लांब उभा. बाबा माहितीच्या फलकांपाशी बराच वेळ रेंगाळले, नवरा भाषांतर करत होता. त्या माणसाच्या अंगावर एकसष्ट गोंदणखुणा आहेत, बऱ्याचशा कंबर, घोटा अशा झिजलेल्या सांध्यांच्या आसपास. दुखण्यावरचा उपाय म्हणून गोंदलं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज. उजव्या गुडघ्याच्या मागे एक फुलीसारखी खूण आहे. बाबांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "याचाही उजवाच." त्यानंतर रोमभर भेटेल त्या भारतीय माणसाला त्यांनी हे सांगितलंय. कोलोसियमचं नाव नाही.

खडूस_कारकून :
पाच हजार वर्षं झाली तरी गुडघ्यावर उपाय नाही. माझ्या मणक्याला आता आशा नाही.

मिलानी_मिसळ :
आणि पांडोरो? निदान एक तरी आणलात का?

शेवंती :
बोल्झानोच्या सुपरमार्केटातच मिळाला. पिठीसाखरेची पुडी पिशवीत ओतून मुलांनी गाडीत तो असा काही खळाखळा हलवला की समोरच्या बाईंच्या काळ्या कोटावर बर्फ पडला. बाई हसल्या, त्यांनाही एक फोड दिली. फ्लोरेन्स यायच्या आत संपला. आईंनी दोन फोडी खाल्ल्या. बाबा तेव्हा झोपले होते.