सत्तरीतला गिटारिस्ट नवं वाजवतो का?

तिसरी तार:
पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा गिटारिस्ट डेव्हिड गिलमोर, त्याचा 'लक अँड स्ट्रेंज' हा अल्बम २०२४ मध्ये आला तेव्हा तो ७८ वर्षांचा होता. निर्माता म्हणून त्याने चार्ली अँड्र्यूला घेतलं. अँड्र्यू वयाने बराच लहान, पिंक फ्लॉइडच्या नावाने दबणारा नाही. इथे सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, हवाच का, असं तो गिलमोरला सरळ विचारायचा. अल्बममध्ये जी तरतरी आहे ती मला त्या प्रश्नातून आलेली वाटते. वय झालं की गिटारिस्ट संपतो, हे मला पटत नाही.

कोरी कॅसेट:
मला पटतं. गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सचे तिन्ही स्टुडिओ अल्बम १९६७ आणि १९६८ मधले. २७ व्या वर्षी तो गेला. लेड झेपलिन बँडच्या जिमी पेजचा नव्या गाण्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम १९९८ चा. रोलिंग स्टोन्स बँडला 'अ बिगर बँग' या अल्बमनंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढायला १८ वर्षं लागली. मी बोटांना दोष देत नाही. विशीत चारपाच जण एका खोलीत रोज तासन्‌तास वाजवतात, भांडतात, एकाच्या चुकीतून दुसऱ्याला रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा, सापडतो. पुढे तारखा ठरवून स्टुडिओत भेटणं होतं. सफाई येते, पण ती धडपड कुठून आणायची? वर श्रोते जुनीच गाणी मागतात.

मंद्र:
आणि गिटारिस्ट जेफ बेक? ऐंशीच्या दशकात, पस्तिशी उलटल्यावर, त्याने पिक (तार छेडायची चकती) सोडलं. अंगठ्याने तार छेडायची, करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर, सूर वरखाली करायची दांडी, व्हॅमी बार, हाताशी. म्हणून त्याचा सूर ठोका न लागता फुगत येतो, गळ्यातून आल्यासारखा. १९८९ मध्ये ४५ व्या वर्षी त्याने 'व्हेअर वेअर यू' वाजवलं, बल्गेरियन बायकांच्या समूहगानाने झपाटून. हार्मोनिक, म्हणजे तारेला हलकेच बोट टेकवून निघणारा बारीक उंच सूर, छेडायचा आणि बारने वरखाली करत नेमक्या सुरावर आणायचा. जरा हात हलला की बेसूर! करून पाहा एकदा. दहा वर्षांनी 'हू एल्स!' अल्बममध्ये टेक्नोचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे ठोके.

कोरी कॅसेट:
बेक मान्य. पण त्याच्या पिढीत असे किती? आणि टेक्नो तरुणांनी घडवलेलं, हा मागून आला.

मंद्र:
ब्लूजही या सगळ्यांनी आधीच्यांकडूनच घेतला, हेंड्रिक्सनेसुद्धा. विशीत घेतलं तर सर्जन आणि पन्नाशीत घेतलं तर उसनवारी, हे माप मला मान्य नाही.

तिसरी तार:
संधिवातामुळे आपली वाजवण्याची पद्धत बदलली आणि त्यातून नवं काही सापडतं, असं स्टोन्सचा गिटारिस्ट कीथ रिचर्ड्सने सांगितलंय. मला ते खरं वाटतं. पण 'कोरी कॅसेट', तुमचा खोलीचा मुद्दा काही डोक्यातून जात नाही. 'लक अँड स्ट्रेंज'चं शीर्षकगीत २००७ मध्ये गिलमोरच्या घराजवळच्या कोठारात पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याच्यासोबत झालेल्या जॅमवर, म्हणजे न ठरवता एकत्र वाजवण्यावर, उभं आहे. राइट २००८ मध्ये गेला. अख्ख्या अल्बममध्ये मी सारखं मागे नेऊन ऐकतो ते तेवढंच गाणं.