सिरपूर तलावाकाठी भराव: परवानगी खरी की नाही, कसं ताडायचं?

प्रश्न: इंदूरच्या सिरपूर तलावाच्या काठावर मुरूम टाकून सपाटीकरण चाललंय. विचारलं तर "नकाशा मंजूर आहे" म्हणतात. तलाव रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) असताना अशी मंजुरी मिळते का?

उत्तर १: नकाशा मंजूर असणं वेगळं, पाणथळ नियमांतून सूट असणं वेगळं. २०१७ च्या केंद्राच्या पाणथळ नियमांतील नियम ४ प्रमाणे पाणथळ जागेचा दुसरा वापर, अतिक्रमण, घनकचरा टाकणं बंद. पक्कं बांधकामही ५० मीटरच्या आत नाही. अपवाद फक्त होडीच्या धक्क्याचा. गोम मोजणीत आहे. ५० मीटर आजच्या पाण्यापासून किंवा कुंपणापासून नव्हे, तर नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून. भराव पडला की काठच सरकतो, आणि मे महिन्यात मोजणी केली तर सगळंच "बाहेर" दिसतं! गूगल अर्थवर २००७ ते २०१७ ची पावसाळ्यानंतरची चित्रं काढून ठेवा.

उत्तर २: आधी त्या जमिनीचा खसरा क्रमांक (सर्व्हे नंबर) काढा. मग माहितीच्या अधिकारात (१० रुपये, ३० दिवस) नगर तथा ग्राम निवेशचा (मध्य प्रदेशच्या नगररचना खात्याचा) मंजूर नकाशा आणि त्याच्या अटी मागा. "परवानगी आहे का" असं विचारू नका, थेट कागदाची प्रत मागा. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते.

उत्तर ३: मुदत सांभाळा हो. राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या न्यायाधिकरणाच्या) भोपाळ पीठाकडे लवाद कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज करायला सहा महिने, पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील असेल तर फक्त ३० दिवस. सबळ कारण असेल तर दोन्हींत ६० दिवस वाढून मिळू शकतात.