‘तुंबाड’ पाहून घरात दोन तट पडले: यात भीती नेमकी कशाची वाटायला हवी होती?

सांजवेळ (प्रश्न)

कथानक शेवटापर्यंत उघड करून लिहीत आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी तो आधी पाहावा आणि मगच पुढे वाचावे, ही विनंती.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ मी ऑक्टोबर २०१८ मध्ये, प्रदर्शित झाला त्याच आठवड्यात पाहिला होता. त्या खेळाला जेमतेम पंधरा-वीस माणसे होती आणि मध्यंतरात त्यांतलीही काही उठून गेली. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा मी आई-बाबांना आणि धाकट्या बहिणीला आवर्जून घेऊन गेलो. या वेळी चौघांना एका ओळीत जागा मिळवताना नाकी नऊ आले. पहिल्या खेपेला पडलेल्या चित्रपटाने दुसऱ्या खेपेला त्याहून अधिक कमाई करावी, असे क्वचितच घडते. त्यामुळे आता याच्या गुणवत्तेविषयी वाद उरला नसेल, अशी माझी समजूत झाली होती.

ती समजूत घरी पोहोचेपर्यंतही टिकली नाही. बाबांना चित्रपट मुळीच रुचला नाही. त्यांचे म्हणणे असे की हस्तर हा शापित देव कोण आहे, तो कुठे राहतो, कशाला भुलतो आणि त्याच्यापासून कसे वाचायचे, हे सगळे सांगून झाल्यावर घाबरण्यासारखे उरतेच काय? बहिणीने साखळदंडाने जखडलेली म्हातारी दिसल्यापासून डोळ्यांवर घेतलेले हात बराच वेळ खाली घेतले नव्हते, त्यामुळे तिला बाबांचे बोलणे पटणे शक्यच नव्हते. आईचे म्हणणे तिसरेच निघाले. तिला भीती अशी वाटली नाही, पण चित्रपटाचा नायक विनायक हस्तरच्या सोन्यासाठी पुन्हा पुन्हा तुंबाडच्या वाड्याकडे निघाला की तिचा जीव कासावीस होत होता.

मी स्वतः हा चित्रपट पहिल्या दिवसापासून मनाशी धरून बसलो आहे, म्हणून माझ्या मतावर माझाच फारसा विश्वास नाही. एकाच पडद्यावर एकच गोष्ट पाहणाऱ्यांची मते इतकी फाटतात, याचे कारण चित्रपटाच्या रचनेत आहे की पाहणाऱ्याच्या अपेक्षेत? विशेषतः सुरुवातीची हस्तरची पुराणकथा आणि शेवटी एकाऐवजी अनेक हस्तर अवतरतात तो प्रसंग, या दोन जागांबद्दल इथल्या मंडळींना काय वाटते ते वाचायला आवडेल.

---

कवडसा

तुमच्या बाबांच्या बाजूने कुणीतरी सविस्तर लिहायला हवे, म्हणून लिहितो.

अद्भुताची भीती अज्ञातावर जगते, असे मी मानतो. ‘तुंबाड’चा १९१८ मध्ये घडणारा पहिला भाग मला फार मोठा वाटतो आणि त्याचे कारण हेच आहे. विनायकच्या लहानपणीच्या त्या घरात बंद दाराआड कुणीतरी आहे, तिला वेळेवर जेवण द्यावे लागते, ती जागी झाली की आईचा चेहरा बदलतो आणि हस्तरचे नाव घेतले की ती झोपते. का झोपते, ते तेव्हा आपल्याला नीट उमगलेले नसते. आई घरी नसताना जेवणाचे ताट घेऊन त्या दाराशी जायची वेळ कोवळ्या वयाच्या विनायकवर येते, तो प्रसंग मी आजही एकट्याने पाहू शकत नाही.

आता या अज्ञाताचे पुढे काय होते ते पाहा. पूर्तीची देवी, तिच्या पोटी जन्मलेले देव, त्यांतला थोरला हस्तर, त्याने हडपलेले सोने, धान्यावर हात टाकताच इतर देवांनी त्याच्यावर केलेला हल्ला आणि आईने त्याला पुन्हा पोटात दिलेला आश्रय, ही सारी कथा निवेदकाने आरंभीच सांगून टाकलेली आहे. मग १९३३ मध्ये विनायक विहिरीतून देवीच्या गर्भात उतरतो, तेव्हा खाली कोण भेटणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते. पाहायचे उरते ते एवढेच, की तो दोर धरून वेळेत वर येतो की नाही. हा थरार आहे आणि उत्तम थरार आहे. भय मात्र तिथे नाही.

शेवटाबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. हस्तरला भुलवणाऱ्या कणकेच्या एका बाहुलीला एक हस्तर येतो, म्हणून अनेक बाहुल्यांना अनेक हस्तर येतात, हे गणित म्हणून बरोबर असेल, पण ज्या क्षणी तो देव संख्येने वाढला त्या क्षणी त्याचे देवपण संपले आणि संगणकावर घडवलेल्या आकृत्यांची झुंबड तेवढी शिल्लक राहिली. १९१८ मध्ये एका म्हातारीच्या नुसत्या घोरण्याने जे साधले होते, ते त्या झुंबडीला साधले नाही.

---

आडवाट

कवडसा यांनी मुद्दे नेमके मांडले आहेत, तरी त्यांच्या मूळ गृहीतकाशीच माझा मतभेद आहे. नियम कळले की भीती संपते, असे ते म्हणतात. मला वाटते, ‘तुंबाड’मध्ये नियम कळतात तिथूनच भीती सुरू होते, कारण नियम कळले की माणूस त्यांचा धंदा करतो.

त्या गर्भातल्या कामाकडे जरा जवळून पाहा. पिठाची पिशवी, दोर, कंदील. खाली उतरल्यावर प्रथम स्वतःभोवती पिठाचे रिंगण आखायचे, मग कणकेची बाहुली काढायची. तो तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून जितकी नाणी हाती लागतील तितकी ओढायची आणि तो भानावर येण्याआधी वर चढायचे. विनायक हे सारे एखाद्या कसबी कारागिरासारखे करू लागतो. खाली देव आहे, तो शापित आहे, त्याचा नुसता स्पर्शही माणसाला कायमचा सडवत ठेवू शकतो, हे त्याला पक्के ठाऊक असूनही हळूहळू त्याच्या लेखी ते एक कष्टाचे काम होऊन बसते, आणि पुढे तेच काम तो आपल्या लंगड्या मुलाला शिकवायला घेतो. देवाची भीती वाटेनाशी झालेला बाप मुलाचा हात धरून त्या विहिरीत उतरतो, याहून भयंकर काय दाखवायला हवे होते? सांजवेळ यांच्या आईंचा जीव जिथे कासावीस झाला, ती जागा मला अचूक वाटते.

कणकेविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या घरांत कणीक स्वयंपाकापुरती नसते. दिव्यांच्या अवसेला कणकेचे दिवे लावले जातात आणि श्राद्धात पिंड असतात. पिठाला आकार देऊन तो देवापुढे किंवा पितरांपुढे ठेवणे, ही आपल्या हातांची जुनी सवय आहे. ती बाहुली मळताना पाहिली तेव्हा मला नैवेद्य आणि पिंड दोन्ही एकदम आठवले, आणि इथे तोच आकार आमिष म्हणून वापरला जातो आहे हे लक्षात आल्यावर पोटात गोळा आला. ज्याला सोने मिळाले पण अन्नाचा कण मिळाला नाही, अशा उपाशी देवाला पिठाची बाहुली दाखवून लुटायचे. ही क्रूरता हस्तरची की विनायकची? सुरुवातीची पुराणकथा आपल्याला माहीत नसती, तर हा प्रश्न पडलाच नसता. म्हणून ती आधी सांगणे मला गरजेचे वाटते.

अनेक हस्तरांच्या प्रसंगाबाबत मात्र मी तुमच्याशी निम्मा सहमत आहे. कल्पना अगदी योग्य आहे, कारण एकदाच हात मारून सगळेच सोने आणावे हा हव्यासाचा शेवटचा हिशेब असतो आणि तो असाच अंगाशी येणार. पडद्यावर तो प्रसंग घाईने उरकला आहे, हेही खरे.

---

निरांजन

मतभेदाचे एक साधे कारण कुणीच लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. २०१८ नंतर बहुतेकांनी हा चित्रपट मोबाइलवर पाहिला, दिवसाउजेडी, मध्येच येणारे फोन घेत. पंकज कुमार यांचे छायाचित्रण जवळजवळ संपूर्णपणे अंधार, पाऊस आणि कंदिलाचा उजेड यांवर उभे आहे. हातभर पडद्यावर तो अंधार नुसता काळा डाग दिसतो. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना या तिन्हींसाठी त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले होते, आणि नेमक्या याच तीन गोष्टी लहान पडद्यावर सर्वाधिक मार खातात. मी स्वतः आधी मोबाइलवर पाहून ‘ठीक आहे’ असे म्हणाले होते. २०२४ मध्ये चित्रपटगृहात बसले तेव्हा पावसाचा आवाज चारी बाजूंनी आला आणि पहिल्या दहा मिनिटांत माझे मत बदलले.

---

पानगळ

वयाने मी तुम्हा सर्वांपेक्षा बराच मोठा असेन. नारायण धारपांच्या भयकथा रात्री कंदिलाजवळ वाचून मग अंगणात जायला घाबरणाऱ्या पिढीतला मी आहे. या चित्रपटाचे बीज धारपांच्या कथेत आहे आणि त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले आहे, हे मला पाहण्यापूर्वीच ठाऊक होते. त्यामुळे माझी अपेक्षा इथल्या कुणाहीपेक्षा वेगळी होती आणि माझी निराशाही वेगळ्या जागी झाली.

तुंबाड हे रत्नागिरी जिल्ह्यातले खरोखरचे गाव आहे. गोष्ट आपली, पाऊस आपला, वाडा आपला, आईच्या भूमिकेत ज्योती माळशे आणि विनायकच्या बायकोच्या भूमिकेत अनिता दाते, आणि एवढे सगळे असताना ही माणसे आपसांत हिंदी बोलतात, हे मला शेवटपर्यंत टोचत राहिले. निर्मितीचा खर्च आणि बाजारपेठ यांचे कारण मला समजते. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू होऊन, खऱ्या पावसासाठी वर्षानुवर्षे थांबत, प्रदर्शनाला २०१८ उजाडले, त्या जिद्दीपुढे मी हात जोडतो. तरीही भयाचा आणि भाषेचा संबंध फार जवळचा असतो. लहानपणी ज्या भाषेत आजीने भीती घातली, त्या भाषेतली भीती हाडांत जाते. हस्तरचे नाव घेऊन झोपवणारे ते वाक्य मराठीत ऐकू आले असते, तर माझ्या अंगावर निश्चित काटा आला असता.

मतभेदाचे दुसरे एक कारण मला असे दिसते की काही प्रेक्षक याकडे भयकथा म्हणून पाहतात आणि काही जण काळाची कथा म्हणून. १९१८, १९३३ आणि १९४७ ही साले उगाच निवडलेली नाहीत. पहिल्या भागात ‘सरकार’ म्हणवणाऱ्या जमीनदाराच्या वाड्यावर राबणारी एक विधवा एका सोन्याच्या नाण्याच्या आशेवर आयुष्य काढते. तिसऱ्या भागात देश स्वतंत्र होतो आणि वाडा सरकारजमा होणार म्हणून विनायकची घालमेल सुरू होते. कोकणातली खोती १९४९ च्या कायद्याने गेली, त्या उलथापालथीच्या गोष्टी मी घरातल्या थोरांकडून ऐकलेल्या आहेत. मालक बदलले, पण जमिनीखाली पुरलेल्या धनाच्या आणि त्याच्या राखणदाराच्या गोष्टी काही बदलल्या नाहीत. ही पार्श्वभूमी मनात असलेल्याला हा चित्रपट भरून पावतो, आणि केवळ दचकायला आलेल्याला तो मधल्या भागात रेंगाळल्यासारखा वाटतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत.

आणखी एक सांगतो. १९३३ मध्ये विनायक परततो तेव्हा म्हातारी अजून जिवंत आहे आणि तिच्या शरीरातून झाड उगवले आहे. मरण न येणे म्हणजे काय, हे इतक्या स्पष्टपणे मी दुसऱ्या कुठल्या पडद्यावर पाहिलेले नाही. माझ्या मते चित्रपटाचा कळस तिथे आहे, तिसऱ्या भागात नाही.

---

कवडसा

आडवाट यांचा कणकेबद्दलचा मुद्दा वाचून मी काल रात्री १९३३ चा भाग पुन्हा पाहिला. बाहुली आमिष म्हणून वापरण्यातली क्रूरता माझ्या नजरेतून पूर्वी सुटली होती, हे मान्य करतो. पानगळकाका, झाडाच्या दृश्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे, आणि तुमच्या नकळत ते माझ्याच बाजूचे उदाहरण ठरते. तिथे कुणी काहीही समजावून सांगत नाही. आपण फक्त पाहतो आणि आपल्याला कळते. तोच संयम पुराणकथेच्या बाबतीत पाळला असता तर काय बिघडले असते, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

---

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. वरचे सगळे प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. आपल्या बाजूने कुणीतरी इतके नीट लिहिले आहे, याचा त्यांना आनंद झाला. पानगळ यांचा भाषेचा मुद्दा मात्र त्यांच्या मनाला अधिक लागला, कारण त्यांच्या आजीनेही त्यांना अशाच नावांनी झोपवले होते.

मग बोलता बोलता शेवटचा विषय निघाला. विनायक आता म्हातारीसारखाच झाला आहे, तो लंगोट मुलापुढे धरतो, पांडुरंग तो घेत नाही आणि बापाला पेटवून देतो. माझ्या मते हा सुटकेचा क्षण आहे. बाबांना तसे वाटत नाही. त्यांनी एक गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली, जी दोनदा चित्रपटगृहात पाहूनही मला दिसली नव्हती. विनायकच्या आईने म्हातारीला झोपवायला जे शब्द वापरले, तेच शब्द पांडुरंग बापाला झोपवायला वापरतो. म्हणजे सोने नाकारले, तरी ते वाक्य मुलाकडे आलेच. बाबा म्हणाले, ‘घाबरलो नाही असे मी म्हणालो होतो ना, तर तेवढे एक वाक्य ऐकताना घाबरलो होतो.’

बहिणीला हे मुळीच मान्य नाही. तिच्या मते पांडुरंग ते वाक्य दयेपोटी म्हणतो, जळताना बापाला वेदना कळू नयेत म्हणून. येत्या रविवारी आम्ही चौघे शेवटची वीस मिनिटे पुन्हा पाहणार आहोत. तोवर या वाक्याबद्दल तुमच्यापैकी कुणाचे काही वेगळे मत असेल तर जरूर लिहा.