'उलाम'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

डेकवरचा_पक्या: जहाजावर आमचा मेसमन फिलिपिनो आहे, लहानपणी तिकडच्या जीएमए चॅनेलवर टागालोगमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत, डब केलेली 'कुकिंग मास्टर बॉय' बघायचा. १९९७ ची जपानी ॲनिमे, गोष्ट मात्र चीनमधली, सिचुआनचा पोरगा माओ, आणि झाकण उचललं की पदार्थातून लख्ख उजेड पडतो. परवा रात्री फोनवर जुने तुकडे बघताना झाकण उघडलं आणि हा पठ्ठ्या ओरडला 'उलाम!' म्हटलं म्हणजे काय रे, तर भाताबरोबर खायचं ते. मी वहीत लिहिलं 'कालवण'. सकाळी ताटात भात आणि तळलेला सुका मासा, 'तुयो' म्हणतात. म्हणे हेही उलामच! आता कालवण खोडू का?

कोयनाकाठ: खोडा. कोरड्यास लिहा. आमची आजी रोज विचारायची, आज कोरड्यास काय?

डेकवरचा_पक्या: पण कोरड्यास तर पातळ असतं ना?

कोयनाकाठ: कोरड्या भाकरीस लावायचं ते कोरड्यास. शब्दातच आलंय की सगळं.

शुद्धनाना: ही आपली घरगुती व्युत्पत्ती. 'तोंडीलावणं' हा सरळ शब्द आहे. आणि डब काय, भाषांतरित ध्वनी म्हणा.

बांगडाप्रेमी: नाना, तुमचा बटाटा आणि पगार पोर्तुगीज, तो चालतो? टागालोगवाले तर स्वयंपाकघरालाच कुसिना म्हणतात, स्पॅनिशमधून घेऊन, त्यांचं काही अडलं नाही. तोंडीलावणं म्हणजे पानातली चटणी-कोशिंबीर हो, उलाम म्हणजे ज्याच्या जोरावर भात संपतो ते. आमच्या मालवणात निस्त्याक म्हणतात.

शुद्धनाना: निस्त्याक म्हणजे मासळी!

बांगडाप्रेमी: डाळीचंही निस्त्याक होतं आमच्या घरी, सोमवारी या.

रत्नांग्रीची_लेक: भाताचंच बघा ना, त्यांच्याकडे शेतातलं पलाय, कच्चा बिगास, शिजला की कानिन. आपण शेतातही भात लावतो आणि पानातही भात वाढतो.

कोयनाकाठ: आमच्याकडे शेतात साळी म्हणतात. भात शेतात कोकणवाल्यांच्याच.

रत्नांग्रीची_लेक: मग तुमच्याकडे भातलावणी कशाची होते?

डेकवरचा_पक्या: अहो, उलामचं राहिलं! आज मेसमनने भांड्याच्या बुडाला लागलेला करपट भात खरवडून दिला, 'तुतोंग' म्हणे, लहानपणी टीव्हीसमोर बसून भावंडं यावरून भांडायची. कुरकुरीत, वर चिमूटभर मीठ.

रत्नांग्रीची_लेक: खरपुडी!! आमच्यात शेंडेफळाचा मान.

कोयनाकाठ: खरवड.

बांगडाप्रेमी: खरवड दुधाची असते, भाताची नाही.

कोयनाकाठ: कोणी सांगितलं? माझ्या आईला विचारतो थांबा.