आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी) अडलं, म्हणून बँक अडली, म्हणून पैसे अडले (केमनिट्झ)

खडखडाट:
नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा. मास्टर्ससाठी जर्मनीत केमनिट्झला आलोय, अजून आठवडाही झाला नाही. हॉस्टेलला वेटिंगवर आहे, म्हणून एका भारतीय मुलाच्या फ्लॅटमधली एक खोली घेतली. फ्लॅट त्याच्या नावावर, मी पोटभाडेकरू.

आता घोळ असा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं) 11,904 युरो पडून आहेत. त्यातले महिन्याचे 992 सुटायला इथलं बँक खातं लागतं. शाखेत गेलो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, आधी शहरात पत्ता नोंदवून या. पत्ता नोंदवायचा तर घर देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म पाहिजे. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "राहा खुशाल, पण तो फॉर्म तेवढा मागू नकोस, मालकाला कळलं तर मलाच बाहेर काढेल."

इथे भर चौकात कार्ल मार्क्सचं सात मीटर उंच डोकं आहे. त्याच्यासमोर उभं राहून पप्पांना सांगितलं की भांडवल अडकलंय. त्यांना विनोद कळला नाही. घर तारण ठेवून कर्ज काढलंय, त्यामुळे रोज संध्याकाळी एकच प्रश्न: सुटले का?

दुसरा एकजण म्हणतो, शंभर युरो दे, माझ्या पत्त्यावर नोंद करून टाक. करू का? सोबत आणलेली रोकड संपत आलीय.

(या गावाला पूर्वी सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे, आमच्या गावाला महाराष्ट्राचं म्हणतात. पण इथं रात्री एक माग वाजेल तर शपथ. त्या शांततेत झोपच लागत नाही.)

एल्बकाठ:
शंभर युरोवाल्याला आजच ब्लॉक कर. जिथे राहत नाहीस तिथला पत्ता देणं ही जर्मनीत किरकोळ गोष्ट समजू नकोस. असा खोटा पत्ता पुरवणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि व्हिसाची मुदत वाढवायला जाशील तेव्हा तोच पत्ता तुझ्या फाइलमध्ये असेल.

आता तुझ्या रूममेटचं. त्याला वाटतं सही मालकाची लागते. तसं नाही. तुला खोली त्याने दिली, म्हणजे कायद्याच्या भाषेत घर देणारा तोच. सही त्याची चालते, मालकाचं फक्त नाव फॉर्मवर येतं. आणि हा फॉर्म देणं ही त्याची मेहेरबानी नाही, बंधन आहे, तेही तू राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत. नाहीच दिला तर ब्युर्गरआम्टमध्ये (पत्ता नोंदवायचं शहराचं ऑफिस) जाऊन तसं सांगायचं, पुढचं ते बघतात. पण ते अगदी शेवटी. एकाच स्वयंपाकघरात राहायचंय तुम्हाला.

रंकाळा:
भावा, एल्बकाठ यांनी कायदा सांगितला, मी माणसाचं सांगतो. तो घाबरलाय, कारण मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवलाय. अशी पोरं इथे लई बघितलीत. त्याला सांग, मालकाला सरळ मेल टाक की खर्च परवडत नाही, एक खोली द्यायची आहे. सबळ कारण असलं तर राहत्या घरातली एक खोली द्यायला मालकाला सहसा नाही म्हणता येत नाही, कायदाच तसा आहे. लपवलं आणि नंतर कळलं, तर मात्र खरंच घर जाऊ शकतं.

दुसरी भीती रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीची असते. तुझी नोंद झाली की तुझ्या नावाने पत्र येणार. पण ती वर्गणी डोक्यामागे नसून घरामागे आहे, 18.36 युरो महिना. तो भरत असेल तर त्याचा वर्गणीचा नंबर कळवायचा, विषय संपला. उलट अर्धे तू दे म्हणावं, खूश होईल. आणि हे सगळं जेवण झाल्यावर बोल, उपाशीपोटी नको.

पेठेतली_कावळी:
सगळे नोंदणीवर बोलताहेत, मुलाच्या खिशाचं काय? अरे, सगळ्याच बँका नोंदणीचा कागद मागत नाहीत. काही ऑनलाइन बँका फक्त इथला पत्ता आणि पासपोर्ट बघतात. ओळख व्हिडिओ कॉलवर नाहीतर पोस्टात जाऊन पटवायची. भारतीय पासपोर्ट चालतो का, एवढं अर्ज करण्याआधी वाच.

पण त्याआधी एक काम आत्ता, जिन्यात जाऊन कर: टपालपेटीवर तुझं नाव लाव. कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्या पाकिटात, विम्याचं कार्ड तिसऱ्यात, कर क्रमांक चौथ्यात. पेटीवर आडनाव नसलं की पोस्टमन पाकीट परत पाठवतो. आपल्याकडे कसं, "गुरवांच्या माडीवर तो नवीन पोरगा" म्हटलं की पत्र पोचतं. इथे शेजारीच राहणारा माणूससुद्धा आडनाव वाचूनच तुला ओळखणार. कागदाची पट्टी आणि सेलोटेप पुरे. रूममेट नको म्हणाला तर पत्त्यात त्याच्या नावाआधी c/o लिही.

खडखडाट:
ताई, पट्टी लावली. आडनाव मोठं आहे, पेटीच्या कडेवर दुमडावं लागलं.

रंकाळा दादा, तुमचं ऐकलं. काल मुगाची खिचडी केली, तो दोनदा वाढून घेतला, मग विषय काढला. वर्गणीचं ऐकून चेहराच बदलला त्याचा. बसल्या जागी मालकाला मेल केला. आज दोन ओळींचं उत्तर आलं: हरकत नाही, पाण्याचे महिन्याला वीस युरो जादा. फॉर्मवर सही झाली. ऑनलाइन खात्याचाही अर्ज केलाय, उद्या पोस्टात जातोय.

आता नोंदणीची मुदत दोन आठवड्यांची, आणि ब्युर्गरआम्टची अपॉइंटमेंट मिळतेय ती त्याच्या पुढची. दंड बसेल का?

एल्बकाठ:
नियमात दंड आहे, पण अपॉइंटमेंटच मिळत नाही म्हणून कुणाला दंड झालेला मी पाहिला नाही. आहे ती बुक कर, मेल जपून ठेव, आणि रोज सकाळी ऑफिस उघडायच्या वेळी साइट बघ. लोक रद्द करतात, त्या जागा तेव्हा दिसतात. सही केलेला मूळ कागद ने, फोनवरचा फोटो नको.

खडखडाट:
बरं. आणि जाता जाता, आईने ॲल्युमिनियमचा कुकर दिलाय, तो इथल्या शेगडीवर तापतच नाही. खिचडी त्याच्या पातेल्यात केली.

पेठेतली_कावळी:
इंडक्शन असणार. बुडाला लोहचुंबक लावून बघ, चिकटला नाही तर नाही चालणार. स्टीलचा घे, पण शनिवारीच आण, रविवारी दुकानं बंद. आणि फोडणी करताना खिडकी उघडी ठेव. छतावरचा तो पांढरा डबा धुराचा अलार्म आहे, मोहरी तडतडली की तोही तडतडतो.